दिव्यांग भत्ता घेणाऱ्या ब्रिटनमधील व्यक्तीला भारतीय जोडीदार नेता येतो का? नियम, सवलत आणि मर्यादा

बेंगळुरू : ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या आणि तेथील सरकारकडून दिव्यांग भत्ता घेणाऱ्या व्यक्तीशी भारतात विवाह झाला, तर भारतीय पती किंवा पत्नीला ब्रिटनला जाता येते का, या प्रश्नावर दोन टोकाचे समज आढळतात. सरकारी भत्त्यावर जगणाऱ्याला जोडीदार आणताच येत नाही, हा पहिला समज. भत्ता मिळत असेल तर पैशाची कोणतीच अट उरत नाही, हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत. ठरावीक भत्ते घेणाऱ्या व्यक्तीला किमान उत्पन्नाच्या अटीतून सूट मिळते. परंतु जोडीदाराचा निर्वाह होऊ शकेल हे तिला निराळ्या कसोटीने सिद्ध करावे लागते. शिवाय ही सूट एकदाच कायमची मिळत नाही. जोडीदाराला कायम वास्तव्य मिळेपर्यंत प्रत्येक अर्जाच्या वेळी ती नव्याने तपासली जाते.

ब्रिटनचे व्हिसा अर्ज स्वीकारणारी केंद्रे भारतात व्हीएफएस ग्लोबल ही कंपनी चालवते. बेंगळुरूतही असे केंद्र असून अर्जदाराचे बोटांचे ठसे व छायाचित्र तेथे घेतले जाते. अर्जावरील निर्णय मात्र केंद्रातील कर्मचारी घेत नाहीत. तो ब्रिटनच्या गृह विभागाचे अधिकारी घेतात. त्यामुळे सादर झालेली कागदपत्रे हाच अर्जदाराचा मुख्य आधार असतो.

उत्पन्नाची अट आणि तिचा इतिहास

ब्रिटनमधील पुरस्कर्त्याने, म्हणजे जोडीदाराला बोलावणाऱ्या व्यक्तीने, वर्षाला किमान १८,६०० पौंड कमावले पाहिजेत, हा नियम ९ जुलै २०१२ रोजी लागू झाला. त्यापूर्वी ठरावीक आकडा नव्हता. सार्वजनिक निधीवर अवलंबून न राहता कुटुंबाचा 'पुरेसा निर्वाह' होईल एवढे दाखवणे आवश्यक होते. ब्रिटिश कुटुंबाला 'इन्कम सपोर्ट' या निर्वाह भत्त्यातून जेवढी रक्कम मिळते, तेवढी तरी हाती उरली पाहिजे, हा या कसोटीचा मापदंड न्यायाधिकरणाने २००६ मध्ये पाकिस्तानी अर्जदारांच्या एका प्रकरणात स्पष्ट केला होता.

२०१२ च्या आकड्याला न्यायालयात आव्हान देण्यात आले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी 'एमएम (लेबनॉन)' प्रकरणात ही अट तत्त्वतः वैध ठरवली. मात्र मुलांच्या हिताचा पुरेसा विचार नियमांत झालेला नाही, असे सांगून काही तरतुदी सुधारण्यास भाग पाडले. ११ एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा २९,००० पौंड, म्हणजे ३० लाख रुपयांहून अधिक झाली. ती टप्प्याटप्प्याने ३८,७०० पौंडांपर्यंत नेण्याची तत्कालीन सरकारची योजना नंतरच्या सरकारने थांबवली. स्थलांतरविषयक सल्लागार समितीने जून २०२५ मधील अहवालात ३८,७०० पौंडांच्या मर्यादेस प्रतिकूल मत नोंदवले. ११ एप्रिल २०२४ पूर्वी ज्यांनी या मार्गाने पहिला अर्ज केला, त्यांना त्याच जोडीदारासोबतच्या पुढील अर्जांसाठी जुनी १८,६०० पौंडांची मर्यादा लागू राहते.

या अटीतील एक भाग बेंगळुरूतील नोकरदारांना बुचकळ्यात टाकणारा आहे. पहिल्या अर्जाच्या वेळी भारतीय जोडीदाराचा भारतातील पगार मोजला जात नाही, मग तो माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कितीही मोठा असो. बचत मोजली जाते; परंतु केवळ बचतीवर अट पूर्ण करायची तर ८८,५०० पौंड किमान सहा महिने खात्यात असावे लागतात.

सूट कोणत्या भत्त्यांना?

पुरस्कर्त्याला नियमांत नमूद केलेल्या भत्त्यांपैकी एक तरी मिळत असेल, तर २९,००० पौंडांची अट लागू होत नाही. या यादीतील प्रमुख भत्ते असे :

- पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजेच पीआयपी. दैनंदिन व्यवहार आणि हालचाल यांत अडचण असणाऱ्या प्रौढांना मिळणारा हा मुख्य भत्ता आहे.
- डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, म्हणजेच डीएलए.
- अटेंडन्स अलाउन्स. निवृत्तिवेतनाचे वय झालेल्या व मदतनिसाची गरज असलेल्या व्यक्तींसाठी.
- केअरर्स अलाउन्स. दिव्यांग व्यक्तीची आठवड्याला किमान ३५ तास शुश्रूषा करणाऱ्यासाठी.
- इंडस्ट्रियल इंज्युरीज डिसेबलमेंट बेनिफिट. कामावरील अपघात किंवा व्यवसायजन्य आजारासाठी.
- सैन्यातील जखमींसाठीचे काही भत्ते, तसेच स्कॉटलंडमधील अडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट.

यादीत नसलेल्या भत्त्यांकडे लक्ष देणे तेवढेच महत्त्वाचे आहे. युनिव्हर्सल क्रेडिट किंवा एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स हे भत्ते आजारपणामुळे काम करता येत नाही म्हणून मिळत असले, तरी केवळ त्यांच्या आधारे सूट मिळत नाही. डॉक्टरांचे प्रमाणपत्र किंवा दिव्यांगांसाठीचा वाहन परवानाही पुरेसा नाही. दिव्यांगत्व आहे म्हणून सूट मिळते, असे नियम म्हणत नाही. यादीतील भत्ता मिळत आहे म्हणून मिळते. पात्र असूनही ज्याने पीआयपीसाठी अर्जच केलेला नाही, त्याच्या जोडीदाराला २९,००० पौंडांची अट लागू होते.

पुराव्यासाठी दोन गोष्टी लागतात. भत्ता सध्या मंजूर आहे आणि त्याची रक्कम किती, हे सांगणारे संबंधित सरकारी विभागाचे पत्र ही पहिली. अर्जापूर्वीच्या १२ महिन्यांतील, ती रक्कम पुरस्कर्त्याच्या खात्यात जमा झाल्याचे दाखवणारे किमान एक बँक विवरण ही दुसरी.

'पुरेसा निर्वाह' कसा मोजतात?

सूट मिळाल्यावर २०१२ पूर्वीचीच कसोटी लागू होते. कर वजा जाता हाती येणाऱ्या साप्ताहिक उत्पन्नातून घरभाडे किंवा गृहकर्जाचा हप्ता आणि स्थानिक कौन्सिल कर वजा करतात. उरलेली रक्कम तेवढ्याच आकाराच्या कुटुंबाच्या इन्कम सपोर्टइतकी किंवा त्याहून अधिक असावी लागते. २०२५-२६ या आर्थिक वर्षात मूल नसलेल्या जोडप्यासाठी हा दर आठवड्याला १४४.६५ पौंड होता. पुरस्कर्त्याचा दिव्यांग भत्ता उत्पन्नात धरला जातो.

एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. त्याच वर्षात पीआयपीचा दैनंदिन व्यवहारासाठीचा वाढीव दर आठवड्याला ११०.४० पौंड आणि हालचालीसाठीचा सामान्य दर २९.२० पौंड होता. दोन्ही मिळणाऱ्या व्यक्तीला १३९.६० पौंड येतात. तिला अर्धवेळ नोकरीतून कर वजा जाता १५० पौंड मिळत असतील, तर एकूण उत्पन्न २८९.६० पौंड होते. घरभाडे व कौन्सिल कर मिळून १३० पौंड जात असतील, तर १५९.६० पौंड उरतात आणि कसोटी पूर्ण होते. तोच खर्च १५० पौंड असेल, तर उरतात १३९.६० पौंड, अर्ज सुमारे पाच पौंडांनी अपुरा ठरतो. म्हणजे भत्ता तोच असूनही भाड्यातील २० पौंडांच्या फरकाने निकाल बदलू शकतो. मुले असल्यास लागणारी रक्कम वाढते.

त्यामुळे भाडेकरार, कौन्सिल कराचे देयक, वेतनपत्रके आणि बँक विवरणे यांतील आकडे परस्परांशी जुळणे आवश्यक असते. राहण्याची जागा पुरेशी असून तेथे कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक माणसे राहत नाहीत, हेही दाखवावे लागते.

बेंगळुरूतून अर्ज करताना

आर्थिक अटीव्यतिरिक्त इतर सर्व अटी दिव्यांग पुरस्कर्त्याच्या जोडीदारालाही लागू असतात. दोघांचेही वय किमान १८ वर्षे असावे, त्यांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी आणि नाते खरे असावे. विवाह झालेला नसल्यास किमान दोन वर्षांचे विवाहसदृश नाते दाखवावे लागते.

विवाहाची कायदेशीर नोंदणी हा पहिला दस्तऐवज. सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असा आदेश भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनी कुमार प्रकरणात दिला होता. पुरस्कर्ता परदेशी नागरिक असेल, तर अनेक जोडपी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग घेतात. त्यासाठी दोघांपैकी एकाचे संबंधित जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य असावे लागते आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावे लागते. कन्नड किंवा मराठीतील प्रमाणपत्रासोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडणे आवश्यक असते.

येथे दिव्यांग पुरस्कर्त्याने विशेष दक्षता घ्यावी लागते. पीआयपी घेणारी व्यक्ती ब्रिटनबाहेर तात्पुरती गेल्यास भत्ता साधारणतः १३ आठवड्यांपर्यंतच चालू राहतो. वैद्यकीय उपचारांसाठी ही मुदत २६ आठवडे आहे. युनिव्हर्सल क्रेडिट सामान्यतः एक महिन्यापर्यंतच चालू राहते. विवाह, नोंदणी आणि व्हिसाच्या प्रतीक्षेसाठी भारतात मुक्काम लांबला, तर ज्या भत्त्यावर सूट आधारलेली आहे तोच बंद पडण्याची शक्यता असते.

अर्जदाराला किमान ए-१ पातळीची इंग्रजी बोलण्याची व ऐकण्याची मान्यताप्राप्त चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. बेंगळुरूतील महाविद्यालयात इंग्रजीतून पदवी घेतली असली, तरी पदवी आपोआप पुरत नाही. ती ब्रिटिश पदवीशी समतुल्य असल्याचे व माध्यम इंग्रजी असल्याचे 'एक्टिस' या संस्थेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. भारतातील रहिवाशांना मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोग तपासणीही बंधनकारक असून तिचे प्रमाणपत्र सहा महिने ग्राह्य असते.

खर्चात सवलत नाही

उत्पन्नाच्या अटीतून सूट मिळाली म्हणून शुल्क कमी होत नाही. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनुसार भारतातून करायच्या अर्जाचे शुल्क १,९३८ पौंड आणि ३३ महिन्यांच्या व्हिसासाठीचा आरोग्य अधिभार ३,१०५ पौंड होता. त्यानंतरच्या ३० महिन्यांच्या मुदतवाढीसाठी १,३२१ पौंड शुल्क व २,५८७.५० पौंड अधिभार, तर पाच वर्षांनंतरच्या कायम वास्तव्यासाठी ३,०२९ पौंड शुल्क होते. या पाच रकमांची बेरीज ११,९८०.५० पौंड, म्हणजे १२ लाख रुपयांहून अधिक होते. शुल्क वेळोवेळी वाढत असल्याने अर्जाच्या दिवशीचा दर पाहावा लागतो. खर्च परवडत नसल्याचे सिद्ध झाल्यास काही प्रकारच्या अर्जांत शुल्कमाफी मागता येते. कायम वास्तव्याच्या अर्जात ती मिळत नाही.

ब्रिटनमध्ये पोहोचल्यानंतर

जोडीदार व्हिसावर नोकरी किंवा व्यवसाय करण्याची मुभा असते. मात्र व्हिसावर 'सार्वजनिक निधीचा लाभ नाही' ही अट असते. पीआयपी, युनिव्हर्सल क्रेडिट आणि केअरर्स अलाउन्स हे सर्व सार्वजनिक निधीत मोडतात. याचा थेट फटका शुश्रूषा करणाऱ्या जोडीदाराला बसतो. दिव्यांग पतीची किंवा पत्नीची दिवसरात्र काळजी घेणाऱ्या ब्रिटिश व्यक्तीला केअरर्स अलाउन्स मागता येतो. तेच काम करणाऱ्या भारतीय जोडीदाराला तो कायम वास्तव्य मिळेपर्यंत मागता येत नाही. घेतल्यास व्हिसाच्या अटीचा भंग होऊन पुढील अर्ज धोक्यात येतो.

पुरस्कर्त्याचे स्वतःचे भत्ते चालू राहणे हा अटीचा भंग नाही. पीआयपी उत्पन्नावर अवलंबून नसल्याने जोडीदार आल्यामुळे ती कमी होत नाही. युनिव्हर्सल क्रेडिटचे गणित वेगळे आहे. जोडीदार एकत्र राहू लागल्याची माहिती विभागाला द्यावी लागते. भत्ता एकट्या व्यक्तीच्या दरानेच मिळतो, परंतु जोडीदाराची कमाई आणि बचत हिशेबात धरली जाते. दोघांची मिळून बचत १६,००० पौंडांहून अधिक असेल, तर युनिव्हर्सल क्रेडिट बंद होते. भारतातील बँक ठेवीही त्यात येतात. बेंगळुरूत काही वर्षे नोकरी करून साठवलेली जी रक्कम निर्वाहाच्या कसोटीत उपयोगी पडते, तीच पुढे पुरस्कर्त्याचा भत्ता थांबवू शकते. एकट्या रहिवाशाला कौन्सिल करात मिळणारी २५ टक्के सवलतही दुसरी प्रौढ व्यक्ती राहायला आल्यावर सामान्यतः जाते. व्हिसासाठीचा हिशेब आणि संसाराचा हिशेब त्यामुळे एकत्रच मांडावा लागतो.

भत्ता मध्येच बंद झाला तर

पीआयपी बहुधा ठरावीक मुदतीसाठी मंजूर होते आणि तिचे पुनर्मूल्यांकन होते. रुग्णालयातील मुक्काम २८ दिवसांहून अधिक लांबल्यासही तिचे पैसे थांबतात. पहिल्या व्हिसानंतर भत्ता बंद झाल्याने मिळालेला व्हिसा लगेच रद्द होत नाही. परंतु मुदतवाढीच्या अर्जावेळी यादीतील एकही भत्ता चालू नसेल, तर सूट संपते आणि किमान उत्पन्नाची पूर्ण अट लागू होते.

येथे एक दिलासा आहे. मुदतवाढीच्या वेळी जोडीदाराचे ब्रिटनमधील उत्पन्न मोजले जाते. त्यामुळे भारतीय जोडीदाराने तेथे नोकरी सुरू केली असल्यास भत्ता बंद होण्याचा धोका बराच कमी होतो. भत्ता नाकारल्याच्या निर्णयाविरुद्ध साधारणतः एक महिन्यात फेरविचाराची मागणी आणि त्यानंतर न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

दिव्यांग भत्त्यांचे भवितव्य ब्रिटनमध्ये राजकीय वादाचा विषय आहे. पीआयपीची पात्रता कठोर करण्याची तरतूद सरकारने विरोधानंतर जुलै २०२५ मध्ये विधेयकातून मागे घेतली आणि मंत्री स्टीफन टिम्स यांच्याकडे फेरआढाव्याचे काम सोपवले. या आढाव्यातून पात्रता बदलल्यास जोडीदार व्हिसाच्या सवलतीवरही त्याचा परिणाम होईल.

गोव्यातील कुटुंबांसाठी वेगळा मार्ग

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या अनेक वंशजांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन ब्रिटनमध्ये वास्तव्य केले आहे. अशा व्यक्तीकडे युरोपीय नागरिकांच्या वसाहत योजनेतील दर्जा असेल आणि पती-पत्नीचे नाते ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचे असेल, तर जोडीदाराला कुटुंब परवान्याचा मार्ग उपलब्ध आहे. त्याला शुल्क नाही, आरोग्य अधिभार नाही आणि उत्पन्नाची अटही नाही. नाते त्या तारखेनंतरचे असल्यास मात्र वर सांगितलेलेच नियम लागू होतात. अशा कुटुंबांनी दिव्यांग सवलतीचा विचार करण्यापूर्वी नात्याची तारीख तपासणे हिताचे ठरते.

अर्ज नाकारल्यास

निर्वाहाची कसोटी पूर्ण होत नसली, तरी नकारामुळे कुटुंबावर अवाजवी कठोर परिणाम होणार असतील, तर मानवी हक्कांच्या आधारे अर्ज मंजूर होऊ शकतो. पुरस्कर्त्याला ब्रिटनमध्येच मिळू शकणारे उपचार, त्याला लागणारी व्यक्तिगत शुश्रूषा आणि मुलांचे हित यांचे वैद्यकीय व सामाजिक पुरावे अशा वेळी निर्णायक ठरतात. या मार्गाने कायम वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षे लागतात. भारतातून केलेला अर्ज नाकारला गेल्यास निर्णय मिळाल्यापासून २८ दिवसांत ब्रिटनमधील न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

भत्त्याची रक्कम फुगवणे, भाडे लपवणे किंवा खोटा भाडेकरार जोडणे यांमुळे फसवणुकीचा ठपका बसू शकतो आणि त्यानंतर दहा वर्षांपर्यंतचे अर्ज नाकारले जाऊ शकतात. ब्रिटनमध्ये स्थलांतराविषयी सल्ला देण्यासाठी अधिकृत नोंदणी किंवा वकिलीची पात्रता आवश्यक असून, 'इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटी' ही संस्था सल्लागारांवर देखरेख ठेवते. भारतातील एजंटांना ही नोंदणी बंधनकारक नसल्याने पैसे देण्यापूर्वी पुरस्कर्त्याने ब्रिटनमधील नोंदणीकृत सल्लागाराकडून आपले आकडे तपासून घेणे सुरक्षित ठरते. भत्त्याचे पत्र, भाड्याची रक्कम आणि इन्कम सपोर्टचा त्या दिवशीचा दर या तीन गोष्टी हाती असल्या, तर अर्ज आर्थिक कसोटीवर टिकेल की नाही याचा प्राथमिक अंदाज कुटुंबाला घरीच बांधता येतो.